बांधावरचा पेपर

सोयाबीनच्या शेंगा वाळून तडकायला लागल्या आणि नेमका त्याच आठवड्यात पावसानं डाव साधला. श्रावणात ज्याची वाट बघून डोळे दुखले तो मेला आता काढणीला धो धो. सत्यभामा उजाडल्यापासून चिखलात वाकली होती. डाव्या हातात ताटं धरायची, उजव्यानं विळा ओढायचा, पेंढी मागं टाकायची. शेंगांची टोकं सुईसारखी. तळहाताला चिंधी बांधली तरी रक्त यायचंच. मजूर मिळत नव्हते, कारण सगळ्या गावाचं पीक एकदम अंगावर आलेलं. तिच्या शेजारी नवरा बब्रुवान, आणि त्याच्या पलीकडं लेक शिवांजली.

शिवांजली बीएच्या शेवटच्या वर्षाला, तालुक्याच्या कॉलेजात. कॉलेजात म्हणायचं आपलं! करोना आला, कॉलेजाला कुलूप लागलं, पोरं घरी धाडली आणि सगळं शिक्षण फोनात शिरलं. सर सकाळी फोनात उगवायचे, आपण दिसतोय का ते बघण्यात निम्मा वेळ घालवायचे आणि एक भली लांब पीडीएफ टाकून मोकळे व्हायचे. शंका असली तर ग्रुपवर विचारा. ग्रुपवर विचारलं तर कुणीतरी नुसता अंगठा दाखवायचं. याला शिकवणं म्हणायचं? पोरीनं खुरपताना, भाकरी थापताना, शेरडामागं फिरताना स्वतःच्या डोक्यानं अभ्यास केला होता. फोन यावा म्हणून सत्यभामेनं आपल्या दोन गाभण शेळ्या येरमाळ्याच्या बाजारात नेऊन उभ्या केल्या होत्या. बब्रुवान आठवडाभर तिच्याशी नीट बोलला नव्हता.

आता विद्यापीठानं परीक्षाही फोनातच लावली. घरी बसा, फोन तोंडापुढं ठेवा, कॅमेरा चालू राहील. प्रश्नाखाली चार उत्तरं, एकावर बोट टेकवायचं. कॅमेऱ्यात दुसरं तोंड दिसलं, किंवा पेपर देणाऱ्याचे ओठ हलले, की पेपर आपोआप बंद. बाकीचे पेपर शिवांजलीनं देवळाच्या ओट्यावर बसून दिले होते, कारण रेंज तिथंच यायची. आज शेवटचा. अर्थशास्त्राचा.

या पेपरावर पोरीचं सगळं अडकलं होतं. ईट गावचे बजरंगराव मुलासाठी तिला मागणी घालून गेले होते. घर चांगलं, पोरगा ट्रॅक्टर चालवतो, आणि त्यांना घाई. घाई बब्रुवानलाही होतीच.

"सध्या पन्नास मानसांत लगीन होतंय," तो रोज म्हणायचा. "मांडव न्हाय, घोडा न्हाय, गावजेवन न्हाय. असा मौका परत येत नसतो."

सत्यभामेनं चूल बंद ठेवायची धमकी दिली तेव्हा कुठं त्यानं कबूल केलं होतं, पोरगी पास झाली तर बी.एड.ला घालू, लग्नाचं पुढं बघू. पण निकालात काही लोचा झाला तर दिवाळी सरली की बार उडवायचा. शब्द म्हणजे शब्द.

"आई, टॉवर गेलाय." मघाशी पेपरासाठी ओट्याकडं गेलेली शिवांजली गावातनं पळत आली होती. सलवार गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. "रातच्या पावसानं तितली लाइट गेली. ओट्यावर एक बी काडी येत न्हाय."

"मंग?"

"माळाकडच्या बांधावर येरमाळ्याची रेंज येती. आत्ताच बघून आले."

बब्रुवाननं विळा थांबवला. "त्या बांधावर पाय ठेवायचा न्हाय."

बांधाच्या पलीकडं त्याच्या थोरल्या भावाचं, रामकिसनचं रान. मागं एका उन्हाळ्यात रामकिसनच्या ट्रॅक्टरनं बांध कोरला. बब्रुवान म्हणायचा, तो दोन काकऱ्या आत घुसला. रामकिसन म्हणायचा, बांध होता तिथंच आहे, तुझी नजर फिरलीय. मोजणीचा अर्ज टाकला, तारीख आली आणि लॉकडाऊन लागला. तेव्हापासून भावाभावांत बोलणं बंद आणि जावाजावांत हळदीकुंकू बंद. कुणाचं शेरडू बांध ओलांडून गेलं तरी दुसऱ्या बाजूनं दगड यायचा.

"उगं भांडनाला कारन नगं," बब्रुवान म्हणाला.

"बांध काय कुनी डोक्यावर घेऊन जात न्हाय," सत्यभामा कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आज्याच्या रानात नात बसली तर काय झिजतंय? जा गं तू. तोंड धू, केस इचर आन जा."

शिवांजलीनं कॅनमधल्या पाण्यानं तोंड धुतलं. बांधावर पोतं अंथरलं, एक बेचकं ओल्या मातीत रोवलं, त्यात फोन बसवला आणि पुढं मांडी घालून बसली. सत्यभामा काढता काढता मान वर करून बघायची. पोरगी हलत नव्हती. नुसतं बोट हलायचं. आभाळ पुन्हा भरून येत होतं, आणि सत्यभामा येरमाळ्याच्या येडाई देवीला म्हणत होती, माय, एवढा घंटाभर पदर धर.

पाऊस नाही आला. रामकिसन आला.

तो आपल्या रानात सोयाबीनच्या बनमीवर, रचलेल्या पेंढ्यांच्या ढिगावर, ताडपत्री ओढत होता. त्याला लांबून दिसलं ते एवढंच, की बब्रुवानची पोरगी बांधावर बसलीय, पुढं काठी रोवलीय आणि काठीला मोबाइल लावलाय. गावात तेव्हा नवीनच हवा होती. म्हणे आता मोजणीला साखळी लागत नाही, मोबाइल बांधावर धरला की वरून उपग्रह बघतो आणि हद्द आपोआप निघते. कुणी केली, कुठं झाली, कुणाला ठाऊक नाही. पण पारावर सगळे छातीठोक सांगत होते. रामकिसनचं डोकंच फिरलं. सरकारी माणूस येत नाही म्हणून यांनी पोरगी बसवली! काठी घेऊन तो चिखलातनं फताफता निघाला.

"ए! मोजनी करायलाव व्हय गुपचूप? मोबाइलनं?"

शिवांजलीनं त्याच्याकडं बघितलं नाही. बोलली असती तर पेपर बंद. तिनं नुसता हात वर केला, थांबा म्हणून.

"आबाला हात दाखवती? तोंड शिवलंय का तुजं? बापानं शिकवलं का हे?"

ती गप्प. डोळे फोनवर. जितकी ती गप्प राहिली तितका तो पेटला. भांडणाऱ्याला उलट बोललेलं परवडतं, गप्प बसलेलं परवडत नाही. मग त्याच्या तोंडाला फेस आला आणि तिच्या बापाला, आज्याला, म्हणजे स्वतःच्याच बापाला, त्यानं नाही नाही ते ऐकवलं. तिनं दोन्ही हात जोडले. तरी तोंडातनं शब्द नाही. हा काय यंत्राचा खेळ मांडलाय ते बघावं म्हणून रामकिसन वाकला आणि त्याची टोपी, मिशा, उघडं तोंड, सगळं कॅमेऱ्यात आलं. फोन लाल झाला आणि वाजला.

सत्यभामा विळा टाकून पळत सुटली होती. मधल्या सरीत पाय घसरून तोंडावर पडली, उठली, तशीच धावली. पोचली तेव्हा पोरगी तशीच मांडी घालून बसलेली.

"आई, बंद झाला."

"काय बंद झालं?" रामकिसन काठी टेकून धापा टाकत होता.

"पेपर, आबा. परीक्षा होती माझी."

रामकिसननं फोनकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. "मला काय ठावं," तो म्हणाला. "मला मोजनी वाटली." आणि आला तसा निघून गेला.

"मोजनी वाटली!" सत्यभामा त्याच्या पाठीवर ओरडली. "मढं बसवलं मोजनीचं तुमच्या! दोन काकऱ्यांपायी लेकराच्या अन्नात माती कालवली! देवी बघून घेईल!"

तो वळला नाही. शिवांजली रडलीही नाही, त्याचीच सत्यभामेला जास्त भीती वाटली.

निकाल लागला तेव्हा बाकीच्या पोरांच्या नावापुढं गुण आले. शिवांजलीच्या नावापुढं आलं, 'राखीव. गैरप्रकार.' तिनं ते वाचून दाखवलं तेव्हा बब्रुवान घराच्या ओट्यावर बसून बैलाचं दावं वळत होता.

"म्हंजी कॉपी केली म्हनतेत?"

"व्हय."

त्यानं दावं गुडघ्यावर आपटलं. "मंग कळवू का ईटला?"

"कळवा की," सत्यभामा आतनं फणकारली. "सांगा, पोरगी चोर हाय, तवा लवकर घेऊन जावा. पोरीनं काय केलं ते इचारायच्या आधी तुमाला ईट आठवली!"

दुसऱ्या दिवशी राहिलेली काढणी बब्रुवानच्या अंगावर टाकून मायलेकी जीपमध्ये बसल्या. जीपवाल्यानं अंतर ठेवायचं म्हणून भाडं वाढवलं होतं आणि माणसं मात्र पहिल्यासारखीच कोंबली होती. कॉलेजाच्या फाटकाला साखळी. त्यावर पाटी, प्रवेश बंद, सर्व कामे ऑनलाइन. वॉचमननं बाटलीनंच खूण केली, हात पुढं करा. सत्यभामेनं हात पुढं केले. त्यानं फवारा मारला आणि तळव्याच्या सगळ्या चिरांमधनं जाळ उठला. तिनं ओठ दाबले. "अय माय," एवढंच निघालं.

"आत जाता येणार नाही, मावशी," वॉचमन म्हणाला.

"आत जायचं न्हवतं तर हात कामून भाजलास?"

शिवांजलीनं पंचाक्षरी सरांना फोन लावला. परीक्षेचं काम त्यांच्याकडं. बऱ्याच वेळानं ते आले आणि फाटकापासून लांबच उभे राहिले. तोंडाला मास्क, त्यावर प्लास्टिकची काच. त्यांचा आवाज डब्यातनं आल्यासारखा यायचा.

"ताई, माझ्या हातात काही नाही. सिस्टिमनं पकडलंय."

"सिस्टिम म्हंजी कोन? त्यास्नी बोलवा भाईर. म्या सांगते त्यास्नी."

"सिस्टिम म्हणजे माणूस नाही हो."

"मानूस न्हाय, तर मानसाला चोर ठरवायचा हक कुनी दिला?"

सरांनी काचेच्या आतनं डोळे मिटले. माणूस वाईट नव्हता, पण बेजार होता. त्यांनी फोन काढून लांबनंच फोटो दाखवला. रामकिसन. तोंड आ वासलेलं, डोळे तारवटलेले.

"हे कोण? क्लासवाले सर आहेत का?"

सत्यभामेला भर रस्त्यात हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्याला पाणी आलं. "सर? अवो, चवथीतनं साळा सोडलेला दीर हाय माजा. आमचं जमत न्हाय. भांडायला आलता. तो अर्थशास्त्र सांगील? त्याला स्वतःचा बांध कळंना!"

"तेच त्यांनी समितीपुढं सांगायला पाहिजे. सुनावणी ठेवू आपण. ऑनलाइन. फोटोतला माणूस समोर येऊन बोलला तर विचार होईल. नाहीतर कॉपीचा शिक्का बसणार."

"हितंच घ्या की सुनावनी. म्या त्यांना हुबं करते."

"नियम नाही. सगळं ऑनलाइन."

परतीच्या जीपमध्ये सत्यभामा तळव्यांवर फुंकर घालत बसली. हाताची आग कमी होत होती आणि डोक्याची वाढत होती. ज्याच्यामुळं पेपर गेला त्याच्याच दारात जायचं. आणि तो काही सुखासुखी येणारा नव्हता.

घरी बब्रुवाननं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "त्याच्या पाया पडायला म्या जानार न्हाय. तू बी जायचं न्हाय. मान हाय का न्हाय आपल्याला?"

"तुमचा मान तुमच्यापाशी ठेवा, उशाला घ्या," ती म्हणाली. "माज्या लेकीच्या तोंडाला काळं लागलंय."

ती गेली. रामकिसनच्या रानात मळणीयंत्र आलं होतं. धुरळा, भुसा आणि यंत्राचा आवाज असा की कानाचे पडदे हलावेत. बनमीवरनं पेंढ्या ओढायला माणसंच नव्हती. सांगून ठेवलेले दोन गडी यंत्रवाल्यानं बोलवायच्या आधीच दुसरीकडं पळाले होते. रामकिसन आणि त्याची बायको कस्तुरा, दोघंच ओढत होते, आणि यंत्रवाला वर बसून ओरडत होता, "लवकर, लवकर, पुढं नंबर हायेत!" पश्चिमेला आभाळ काळं झालेलं.

सत्यभामेनं डोक्यावर पदर घेतला आणि बनमीपाशी उभी राहिली. "भावजी, येक काम होतं."

रामकिसननं पेंढी यंत्रात ढकलली. बघितलं नाही. "कस्तुरा, बोल म्हनावं तिला."

मधे कस्तुरा उभी करून बोलायचं! समोर दीर उभा आणि बोलायचं जावेच्या कानात. सत्यभामेनं तेही केलं. सगळं सांगितलं. समितीपुढं या, एवढंच बोला, की म्या उत्तर सांगितलं न्हाय, भांडायला आलतो.

रामकिसन थांबला. "म्हंजी कॅमेऱ्यापुढं म्हनू, की म्या पुतनीला शिव्या घातल्या? सगळ्या जिल्ह्याला दाखवायचं?" मग त्याच्या डोळ्यांत वेगळंच काही आलं. "येतो. पर बब्रुवानला म्हनावं, बांध हाय तिथंच बराबर हाय, असं लिहून सही कर. मंग येतो."

सत्यभामेच्या अंगाचा तिळपापड झाला. जाऊ मधे असल्याचं ती विसरली.

"रान त्यांच्या नावानं, बांध त्यांच्या नावानं, भांडन त्यांच्या नावानं. माजी सही कुठं चालती, भावजी? माज्या नावानं काय हाय ते सांगा. हे दोन हात हायेत. बस्स."

आणि तिनं ते हात बनमीत घातले. पेंढी उपसली, यंत्राच्या तोंडात दिली. दुसरी उपसली. कस्तुरा बघत राहिली.

"ए, काय करायलीस?" रामकिसन ओरडला.

ती बोलली नाही. एकदा पोरगी गप्प बसली होती, आता आई. भुसा डोळ्यात, नाकात, पदरात. चिंध्या सुटल्या, हात उघडे पडले, ताटांनी तळवे पुन्हा फाडले. यंत्रवाल्याला काय, त्याला माणसं वाढली एवढंच कळलं. रामकिसन थोडा वेळ तिला हटकत राहिला, मग आभाळाकडं बघून कामाला लागला. तिघांनी मिळून बनीम संपवली. शेवटचं पोतं शिवून ताडपत्रीखाली ढकललं आणि पावसाचे थेंब आले.

सत्यभामा भुसा झटकत म्हणाली, "हा सावडीचा दिवस झाला, भावजी. म्या तुमच्यात आले. आता फेडायचं तुमी बघा."

सावड म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. एकानं दुसऱ्याच्या रानात दिवस घातला, तर दुसऱ्यानं तो फेडायचाच. वैऱ्याची सावड असली तरी फेडायची. न फेडणाऱ्याच्या रानात पुढं कुणी विळा घेऊन उतरत नाही. रामकिसननं तोंडातला भुसा थुंकला.

"म्या बोलावलं न्हवतं तुला."

"पर थांबीवलं बी न्हाय की," कस्तुरा पहिल्यांदाच बोलली. "पोत्यात दाना तिच्या हातानं आलाय आन तोंड वर करून सांगतेत, बोलावलं न्हवतं म्हून. लाज वाटू द्या जरा."

रामकिसननं टोपी झटकली, परत घातली. "कधी हाय ते?"

सुनावणीच्या दिवशी टॉवर होता, लाइटही होती, पण देवळाच्या ओट्यावर गावगोळा झाला असता, म्हणून शिवांजलीनं बांधच धरला. रामकिसन धुतलेलं धोतर नेसून आला. "सावड फेडायला आलोय, दुसरं काय न्हाय," असं त्यानं आल्या आल्या सांगून टाकलं. बब्रुवान लांब आपल्या रानात पाठ करून उभा होता. जायचं नाही आणि ऐकायचं सोडायचं नाही, असा. सत्यभामा फोनच्या मागं बसली. आज तोंडं दिसली तर चालणार होती.

फोनात चौघं. पंचाक्षरी सर, एक चष्म्यातले साहेब, एक जण ज्यांचं नुसतं कपाळ दिसत होतं, आणि एक मॅडम, मागं पुस्तकांची कपाटं.

"तुम्ही विद्यार्थिनीला उत्तरं सांगितली का?" मॅडमनी विचारलं.

"न्हाय."

"मग काय बोललात? आवाज स्पष्ट नाही. नोंद घ्यायची आहे."

"शिव्या घातल्या."

"कोणत्या?"

रामकिसननं टोपी काढली. "बाईमानूस हाय समोर, मॅडम. पुतनी हाय. भावजय हाय."

"नोंदीसाठी आवश्यक आहे."

रामकिसन सांगू लागला. त्या दिवशी तोंडाला फेस येऊन जे ओरडला होता ते आता खाली मान घालून, हळू, एकेक शब्द. बापाचं नाव आलं. आज्याचं आलं. चष्म्यातले साहेब लिहून घेत होते, मधेच म्हणाले, "शेवटचं पुन्हा एकदा." त्यानं पुन्हा सांगितलं. त्याच्या मानेवर घाम आला होता. शिवांजली सोयाबीनच्या मोकळ्या रानाकडं बघत बसली. सत्यभामेला त्या क्षणी आपल्या वैऱ्याचीच लाज वाटली आणि त्या चौघांचा भडकून राग आला.

फोनातले चौघं आपसांत काही बोलले. मग मॅडम म्हणाल्या, "कॉपी सिद्ध होत नाही. तो शेरा काढू."

शिवांजलीनं श्वास सोडला.

"परंतु परीक्षेसाठी योग्य जागा निवडणं ही विद्यार्थिनीची जबाबदारी होती. पेपर पूर्ण झालेला नाही, त्यामुळं शून्य धरावं लागेल. पुढच्या परीक्षेला बसा. मार्चमध्ये."

"मॅडम, बी.एड.चे प्रवेश आत्ता हायेत," शिवांजली म्हणाली. "माझं वर्ष जातंय. चूक सांगा माझी."

"नियमात तरतूद नाही, बाळ."

सत्यभामा उठून फोनच्या तोंडासमोर आली. पदर खांद्यावर पडलेला, तो तिनं सावरलाही नाही.

"योग्य जागा? कोनती वो योग्य जागा? तितं तुमच्या वर्गात बाकडी धूळ खात पडलीत, ती योग्य जागा न्हवती? फाटकाला कुलूप तुमी लावलं. लेकरं तुमी हाकलली. तुमचं कॉलेज उचलून आमच्या रानात आनून टाकलं, आन आता म्हनताव रानातली मानसं कशी दिसली! रानात मानसं असनारच की! भांडनं असनार, शिव्या असनार, शेरडं वरडनार! तुमच्या मागं पुस्तकाची कपाटं हायेत, आमच्या मागं चिखल हाय, हा पोरीचा गुन्हा व्हय?"

फोनात पंचाक्षरी सर खाली बघत होते. मॅडमनी हात पुढं करून काहीतरी दाबलं.

"आई," शिवांजली हळू म्हणाली, "म्यूट केलंय त्यांनी."

"म्हंजी?"

"तुझा आवाज त्यांना जात न्हाय. बंद केलाय."

सत्यभामेनं एकवार फोनकडं बघितलं. मॅडमचे ओठ हलत होते, त्या दुसऱ्या कुणाशी बोलत होत्या. पण सत्यभामा थांबली नाही. "बंद करा! कान असलेल्यांनी बंद करा! माज्या लेकीनं तोंडातनं शब्द काढला न्हाय, चुलता अंगावर आला तरी काढला न्हाय, तुमचा नियम पाळला तिनं. कुनी पाळला असता? तुमी पाळला असता? भाड्या सिस्टिमनं तिचं जोडलेलं हात बघितलं न्हाईत, तुमी तर बघा!" चौघांची चित्रं एकेक करून गेली. पडदा काळा झाला. रामकिसन टोपी हातात धरून उभाच होता. पलीकडं बब्रुवान वळला होता आणि बांधाच्या दिशेनं येत होता.

तो आला. भावाकडं न बघता म्हणाला, "मार्च म्हनले न्हवं? झालं तर. शेरा गेला, आब वाचली. आता पोरीचं वरीस तर गेलंच. शब्द ठरला होता. सांजच्याला ईटला कळवतो."

"बब्रुवान," रामकिसन म्हणाला. किती दिवसांनी त्यानं हे नाव शिव्यांशिवाय घेतलं होतं. "पेपर माज्यामुळं गेला. त्याचा दंड पोरीला लावू नगंस."

"तू मधे बोलू नगंस. तुजं-माजं बांधाचं अजून राहिलंय."

"ते राहू दे. मोजनी झाली की बघू. म्या पोरीचं बोलतोय."

सत्यभामेनं दोघांकडं बघितलं. मग बेचक्यातनं फोन काढला. "शिवांजले, बजरंगरावांचा नंबर लाव."

"आई..."

"लाव म्हनते ना."

बब्रुवान पुढं सरकला. "सत्ते, हे बाप्यामानसाचं काम असतंय."

"बाप्यामानसांनी लई कामं केली." फोन कानाला लावून तिनं पदर डोक्यावर घेतला, कारण पलीकडं सोयऱ्याचं माणूस होतं. "हालू, बजरंगराव व्हय? रामराम. म्या शिवांजलीची आई बोलते. न्हाय, ते हितंच हायेत, पर बोलते म्याच. तुमचं घर चांगलं हाय, तुमच्यात काय खोट न्हाय. पर पोरगी मार्चात पेपरला बसनार हाय, आन त्याच्या फुडं शिकनार हाय. तवर लगीन न्हाय. पन्नास मानसांत न्हाय आन पाचशेंत बी न्हाय. तुमाला घाई असंल तर खुशाल दुसरी बघा, आमचा राग न्हाय." पलीकडनं काहीतरी बराच वेळ बोलणं झालं. ती ऐकत होती. "व्हय. नीट इचार करूनच बोलते. वरीस गेलं ते गेलं. पोरगी न्हाय जाऊ देत म्या. ठेवते."

बब्रुवाननं फोन मागायला हात पुढं केला. त्याचं तोंड लाल झालं होतं. सत्यभामेनं फोनवरचा चिखल पदरानं पुसला आणि तो शिवांजलीच्या हातात दिला.

"जा," ती म्हणाली. "त्या मॅडमला लिवून इचार, मार्चात तरी फाटक उघडनार का ते."

शिवांजली पोत्यावर बसून लिहायला लागली.